पुढारीपण शिकता येते काय?

स्मरणिकेसाठी 'पुढारीपण' या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा प्रस्तुत लेखकास प्रथम हसू आले. ज्याच्या मराठीच्या वर्गात चोवीस मुलांची सात मुले झाली, त्या शिक्षकाने इतरांना प्रेरणा कशी द्यावी हे सांगावे! परंतु विचारान्ती असे वाटले की, ही विद्या ज्याला उपजत लाभली आहे त्याच्यापेक्षा, ज्याला ती ठेचा खाऊन शिकावी लागली त्याचेच लिहिणे वाचकांच्या अधिक उपयोगी पडेल.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज रत्नागिरी, सातारा या बाजूंकडून गिरमिटावर आंगठा उठवून मॉरिशसला गेले. 1834 पासून पोर्ट लुईच्या धक्क्यावर ही माणसे उतरत होती. तेथील उसाच्या मळ्यांत त्यांना दोन प्रकारचे पुढारी भेटले. एक सरदार, म्हणजे मुकादम. तो पहाटे हाकारे घालून माणसांना कामावर हाकलीत असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जी कुप्रसिद्ध पद्धत तेथे होती, तिच्या बळावर त्याचा अंमल चाले. दुसरा पुढारी बैठकेतला गुरुजी. तोही दिवसभर ऊसच तोडी. मात्र संध्याकाळी दिव्याभोवती मुलांना जमवून अक्षरे गिरवून घेई, भजने म्हणवून घेई. त्याच्या हाती ना दंड, ना पगार. आज त्या सरदारांची आठवण कोणी काढीत नाही. परंतु लेखकाच्या आजीस बैठकेत शिकलेले अभंग अखेरपर्यंत पाठ होते, आणि तीच आमच्या घरातील मराठी.

लेखकाचे वडील पोटापाण्यासाठी मस्कतला आले, लेखकाचे सारे शिक्षण येथेच झाले, आणि पुढे मंडळाच्या शुक्रवारच्या वर्गाची जबाबदारी गळ्यात पडली. तेथे लेखकाने काय केले? लज्जा वाटते, परंतु लिहितो. गुरुजींचा वारस म्हणवून घेत तो सरदार झाला. दर शुक्रवारी मातृभाषेचा अभिमान, पूर्वजांचे हाल, आजच्या पिढीची उदासीनता यांवर व्याख्यान! बक्षिसे लावून पाहिली, हजेरी लावून पाहिली. मुले कमी होत गेली. अखेर एका मुलीच्या आईस कारण विचारले असता ती संकोचून म्हणाली, "सर, रागावू नका; पण तिला तेथे काही कामच नसते हो. नुसते ऐकायचे."

त्या एका वाक्याने झोप उडविली. त्या दिवसांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र हाती आले. भाऊरावांचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मूळ मुलखात घरोघर घेतले जाते. परंतु आपण समुद्रापलीकडे वाढलेले, आपणांस ते नव्याने सांगावयास हवे.

भाऊरावांचा जन्म 1887 साली कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी झाला. स्वतःचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी पायपीट केली. चरित्रकार हा भाग चटकन उरकून पुढे जातात, परंतु लेखकाच्या मते त्यांची खरी शाळा हीच. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्याचा त्या काळी समज होता. अशा माणसापुढे भाषण करून नांगर खपत नाही. त्याच्या बांधावर बसून त्याचे ऐकून घ्यावे लागते. खेड्यातल्या माणसाला काय नको आहे, कशाची लाज वाटते आणि कशाचा अभिमान आहे, हे भाऊरावांस त्या पायपिटीत कळले असावे.

1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. त्या काळी ज्यांनी एका विहिरीवर पाणी भरणे अशक्य, अशा सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवत, दळण-स्वयंपाक आपल्या हातांनी करीत, शेतात राबत. 1927 साली गांधीजी ते वसतिगृह पाहण्यास आले. हेच गांधीजी 1901 साली आफ्रिकेतून स्वदेशी परतताना मॉरिशसला थांबले होते आणि मुलांना शिकवा, असे त्यांनी गिरमिटियांना सांगितले होते. हा योग लेखकास मोठा गोड वाटतो.

वसतिगृहात दाणे संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने मोडले जात. शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्या माउलीचे निधन झाले. हा त्याग थोर खराच; परंतु त्याचे वर्णन करताना आपण डोळे पुसतो आणि दुसरी गोष्ट विसरतो. घरातले सोने आधी मोडलेले असल्यामुळेच भाऊराव गरिबातल्या गरीब दारापुढे उभे राहून मागू शकत होते. आणि ते मागत काय? मूठभर धान्य. ज्याच्या घरी देण्यासारखे काही नाही असे सारे समजत, त्याच्याकडेही ते मागत; मग ती शाळा त्या घराची होई. विद्यार्थ्यांकडे ते श्रम मागत. मग शाळेची भिंत त्यांची होई. स्वातंत्र्यानंतर सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा याच माणसांनी तिला तगविले. 1959 साली भाऊराव निवर्तले; आज त्या संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

असे पुढारीपण पाहण्यासाठी साताऱ्यासच जावे लागते असेही नाही. ओमानमध्ये निझव्याकडे गेलेल्या प्रत्येकाने 'फलज' पाहिला असेल. डोंगरातले पाणी शतकानुशतके गावात आणणारे हे पाट गावकरी आपसांत सांभाळतात. पाण्याची पाळी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजण्याची तेथील जुनी रीत. त्यावर देखरेख ठेवणारा 'वकील' गावानेच नेमलेला असतो. ज्याच्या शब्दावर गावाचा विश्वास नाही, त्याच्या हाती पाण्याची वाटणी कोण देईल? (2006 साली जागतिक वारशाच्या यादीत ओमानचे पाच फलज दाखल झाले, आणि त्याच साली आपला आप्रवासी घाटही. शेजारी शेजारीच नोंद झाली म्हणावयाची!)

आता पुन्हा त्या सात मुलांकडे वळतो. लेखकाने व्याख्यान बंद केले. पुढच्या शुक्रवारी तो अर्धा तास आधी गेला, झाडू घेतला आणि खोली झाडावयास लागला. मुले आली, बघत उभी राहिली. एकाने सतरंजीचे टोक धरले. मग लेखकाने त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली. घरातील आजीआजोबांचा असा एक शब्द आणा, जो मला ठाऊक नाही. मुलांना वाटले, सरांना ठाऊक नाही असे कसे होईल? परंतु पहिल्याच आठवड्यात एका मुलीने मॉरिशसमधल्या आपल्या पणजीकडून टेलिफोनवर चार शब्द मिळविले, आणि त्यांपैकी तीन लेखकाने खरोखरच कधी ऐकले नव्हते. ते फळ्यावर लिहिताना तिचा आवाज केवढा मोठा झाला होता! आज वहीत दोनशे सोळा शब्द आहेत. वही मुलांची, लेखकाने शुद्धलेखन सुधारावयाचे म्हटले तरी आधी परवानगी घ्यावी लागते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गेलेल्यांपैकी पाचच परतली, दोन नवी आली, आणि मोठ्या मुलांना परीक्षेचे दिवस आले की वर्ग ओस पडतो. जुनी सवयही जात नाही. मध्येच व्याख्यान सुरू होते, आणि मग ती शब्द आणणारी मुलगी घड्याळाकडे पाहते.

गेल्या शुक्रवारी मात्र रस्त्यात गाडी बिघडल्यामुळे लेखकास पोहोचावयास उशीर झाला. किल्ली त्याच्याजवळ. जाऊन पाहतो तो मुलांनी जिन्याच्या पायऱ्यांवरच बैठक मांडलेली, वही उघडलेली, आणि सर्वांत धाकटा मुलगा शब्द वाचून दाखवीत होता. लेखकास पाहून त्याने वाचन थांबविले नाही. नुसते बोट वर करून खालची पायरी दाखविली.