भिलाई : लिंगाचा रकाना, पाळीचा तक्ता

• कारखाना : भिलाई पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार १९५५. पहिली झोतभट्टी सुरू ४ फेब्रुवारी १९५९. भट्टी थांबत नाही, म्हणून काम तीन पाळ्यांत.

• पाळीचा तक्ता : १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या ६६व्या कलमाने स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत कामाची मुभा होती. राज्य सरकार वेळ बदलू शकत असे. रात्री १० ते पहाटे ५ मात्र बंदच. पाळ्या ६ ते २, २ ते १०, १० ते ६ धरल्या, तर सातच्या आत पूर्ण बसते ती फक्त पहिली. संगणक पाळ्या लावणार असेल, तर हा नियम आधी आज्ञावलीत घालायचा आणि कायदा बदलला की शोधून काढायचा. दुसरे काम जास्त किचकट. खाणीत (इथले लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे) जमिनीवरच्या कामासाठी स्त्रियांना रात्रपाळी लेखी संमतीच्या अटीवर २०१९ मध्ये खुली झाली. २०२०च्या कामगार संहितेतही संमतीचीच अट.

• लिंगाचा रकाना : आयएसओ ५२१८ या मानकात संकेतांक चारच. ० अज्ञात, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाची तृतीय लिंगाला मान्यता १५ एप्रिल २०१४, पण या चारांत त्याला वेगळा संकेतांक नाही.

• रजा : मातृत्व रजा २०१७ पासून १२ ऐवजी २६ आठवडे, दोन किंवा जास्त मुले हयात असतील तर १२च. म्हणजे पगाराच्या प्रणालीत मुलांची संख्याही हवी.

• आयआयटी भिलाई : स्थापना २०१६. आयआयटींत मुलींसाठी अतिरिक्त जागा २०१८ पासून.