प्रिंटरच्या यादीतला ‘फॅक्स’: विंडोजमधला बरा की विकतचा?

वर्डमधून प्रिंट द्यायला गेलात की प्रिंटरच्या यादीत ‘फॅक्स’ असं एक नाव दिसतं. टेबलावर तर फॅक्स मशीन नाही, मग हे काय आहे? माझ्या पीएचडीचा विषय आहे जुन्या, खराब छपाईच्या कागदांवरची देवनागरी संगणकाला वाचायला शिकवणं. त्या कामात हा ‘फॅक्स’ सारखा समोर येतो, म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर.

हा प्रिंटर नाहीच

तुम्ही प्रिंट दिलेल्या पानाचं हे सॉफ्टवेअर एक काळं-पांढरं चित्र बनवतं. आडव्या एका ओळीत 1728 ठिपके, प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. मग मोडेम ते चित्र आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवतो. म्हणजे मोडेम आणि फोन लाइन नसेल तर यादीतलं ते नाव नुसतं शोभेचं. आजच्या लॅपटॉपला मोडेमच नसतो, त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत तसंच आहे.

‘चित्र’ हा शब्द लक्षात ठेवा. नव्वदच्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप व्हायचा आणि ज्याच्या-त्याच्या फॉन्टची मांडणी वेगळी असायची. फाइल ईमेलने पाठवली आणि समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला, की अगम्य चिन्हांची रांग उघडायची. फॅक्समध्ये ही भानगड नव्हती. पनवेलहून अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीत पाठवलेला अर्ज तिकडे जसाच्या तसा मराठीत उमटायचा, कारण अक्षरं जातच नव्हती, त्यांचं चित्र जात होतं.

मग विंडोजमधला की विकतचा?

विंडोज 95 मध्ये फॅक्सची सोय होती. विंडोज 98 च्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमधून ती गेली आणि विंडोज 2000 मध्ये परत आली. एक्सपीत ती वेगळी बसवावी लागे. व्हिस्टात ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ आलं, पण घरगुती आवृत्त्यांत ते नव्हतं. या धरसोडीमुळे बाहेरच्या सॉफ्टवेअरला जागा मिळाली. सगळ्यात नाव झालं ते विनफॅक्सचं. टोरांटोच्या डेलरिना कंपनीचं हे सॉफ्टवेअर 1995 मध्ये सिमँटेककडे गेलं आणि 2006 मध्ये बंद झालं.

पाठवण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नव्हता. दोघंही टी.30 हाच नियम पाळत, त्यामुळे फॅक्स कशातून आला हे समोरच्या मशीनला कळायचंही कारण नव्हतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये सोयी जास्त असत: नंबरांची वही, एकच पत्र अनेकांना, रात्री एसटीडीचे दर उतरल्यावर आपोआप पाठवणं. फॅक्स मध्येच तुटला तर दोष बहुधा मोडेमचा किंवा लाइनचा असे. ‘क्लास 1’ मोडेम सगळा हिशेब संगणकावर टाकतो. संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि वेळ चुकली, की फोन कट.

खरा फरक नंतर दिसतो, आलेला फॅक्स कुठल्या फाइलमध्ये साठवला यात. विंडोज 2000 पासून विंडोज त्या टिफ फाइलमध्ये ठेवतं. त्या आजही कुठल्याही संगणकावर उघडतात. विनफॅक्सने स्वतःचे वेगळेच फाइल प्रकार वापरले. सॉफ्टवेअर गेलं आणि त्या फाइली कुलूपबंद झाल्या. पण ‘विंडोजमधलं म्हणजे टिकाऊ’ असंही समजू नका. विंडोज 95 चा फॅक्सही एडब्ल्यूडी नावाच्या स्वतःच्याच प्रकारात साठवायचा, आणि तोही आज सहज उघडत नाही. सॉफ्टवेअर कोणाचं होतं यापेक्षा फाइलचा प्रकार सगळ्यांना खुला होता का, हे जास्त महत्त्वाचं.

अनुस्वाराचा प्रश्न

आता माझ्या कामाकडे येते. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये उभ्या दिशेने दर मिलिमीटरला 3.85 ओळी असतात, ‘फाइन’मध्ये 7.7. बारा पॉइंटच्या मजकुरातला अनुस्वार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरा. म्हणजे साध्या दर्जात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. लाइनवर खरखर झाली आणि त्या दोन ओळी बिघडल्या, की ‘भांडे’चं ‘भाडे’ होतं. उलट एखादा काळा कण नेमका शिरोरेघेवर बसला, तर ‘भाडे’चं ‘भांडे’. इंग्रजीत ‘आय’वरचा ठिपका गेला तरी शब्द बहुधा तोच राहतो. आपल्याकडे भाडेकराराचा अर्थ बदलू शकतो.

माणूस संदर्भावरून सावरून घेतो. संगणकाला तसं करायला शिकवायचं तर त्याला मूळ चित्र हवं, आणि तेच अनेकदा हाती लागत नाही.

तुमच्याकडे जुने फॅक्स असतील तर

पनवेलमधली किती जुनी दुकानं आणि वकिलांच्या कचेऱ्या असतील, जिथे कोपऱ्यातला संगणक ‘असू दे’ म्हणून ठेवलेला आहे. तो भंगारात देण्याआधी एवढं करा:

1. टिफ फाइली जशाच्या तशा कॉपी करा. जेपीजीमध्ये बदलू नका, अक्षरांच्या कडा बिघडतात.
2. पान चेपलेलं, बुटकं दिसलं तर घाबरू नका. साध्या दर्जात ठिपके चौकोनी नसून उभट असतात, आणि काही सॉफ्टवेअर ते चौकोनी धरून दाखवतं. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर उंची दुप्पट करा.
3. फाइली विनफॅक्ससारख्या सॉफ्टवेअरच्या असतील, तर तो संगणक चालतोय तोवरच त्या तिथे उघडून टिफमध्ये काढून घ्या.
4. गुळगुळीत थर्मल कागदावरचे फॅक्स आधी स्कॅन करा. ते उडून जातात, उन्हात आणि उकाड्यात तर लवकरच.

आणि आजही कुठे फॅक्स पाठवावा लागलाच, तर मजकूर मराठीत असेल तेव्हा दर्जा ‘फाइन’ ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल, पण अनुस्वार पोचेल.