स्वभावाला औषध नाही, पण...

रात्रीचे दोन वाजलेत. नुकतंच नर्सिंग पूर्ण केलेली सिस्टर वॉर्डातून डॉक्टरांना फोन लावते. "सर, सात नंबरचे आजोबा... सकाळपासून नीट जेवले नाहीत, मुलगा येऊन गेला, आता जरा घाबरल्यासारखं करताहेत..." पलीकडून झोपाळू आवाज येतो, "अहो, मुद्द्याचं बोला!" सिस्टर गडबडते. "काही नाही सर, बघते मी," म्हणून फोन ठेवते. आजोबांचं बीपी ९० वर आलंय, हे सांगायचं राहूनच जातं.

प्रसंग कल्पनेतला आहे. पण ज्यांची लेक-सून बेळगावात, कोल्हापुरात किंवा बांबोळीला नर्स आहे, त्यांना तो नवा वाटणार नाही. डॉक्टर म्हणतात, सिस्टर पाल्हाळ लावतात. सिस्टर म्हणतात, डॉक्टर वसकन अंगावर येतात. दोघांचंही आपापल्या जागी खरंच! एकाला आधी निष्कर्ष हवा असतो. दुसरीला सगळी हकिकत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

हा फरक ओळखता यावा म्हणून रुग्णालयांच्या प्रशिक्षणात व्यक्तिमत्त्व चाचण्या आल्या. त्यातली सर्वांत गाजलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी एका अमेरिकन मायलेकींनी तयार केली, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स यांनी. गंमत म्हणजे मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावरून त्यांनी माणसाचे सोळा प्रकार मांडले. अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलात रमणारा की अंदाज बांधणारा, तर्काने ठरवणारा की मन सांभाळणारा, आखून चालणारा की ऐनवेळी जुळवून घेणारा, असे चार प्रश्न म्हणा ना. १९५० च्या दशकात इझाबेलबाईंनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांची आणि पुढे हजारो नर्सिंग विद्यार्थिनींचीही ही चाचणी घेतली. म्हणजे दवाखान्याशी हिचं नातं जुनं आहे.

फायदा होतो तो निकालाच्या कागदाचा नव्हे, त्यानंतरच्या गप्पांचा. "मी थोडक्यात बोलतो म्हणजे रागावलेलो नसतो," हे डॉक्टर एकदा तोंडाने म्हणाले, की सिस्टरच्या मनातली अर्धी भीती जाते. अर्थात त्यासाठी डॉक्टरांनीही खुर्ची ओढून प्रश्नपत्रिका भरायला बसलं पाहिजे. चाचणी नर्सेसनी द्यायची आणि सर्जनसाहेब ओपीडीत, असं असेल तर तो वेळ चहाला दिलेला बरा.

एक सावधगिरीही हवी. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, म्हणून अनेक मानसशास्त्रज्ञ तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात. आपल्याकडे पूर्वी मूळ नक्षत्रावरच्या मुलीला जन्मभराचा शिक्का बसायचा. "ही अंतर्मुख आहे, हिला आयसीयू नको" हा त्याचाच नवा अवतार. शिवाय इथल्या वॉर्डात मल्याळी सिस्टर, कानडी आया, मराठी पेशंट आणि इंग्रजीत लिहिणारे डॉक्टर. कित्येकदा भांडण स्वभावाचं नसतंच, शब्दांचं असतं.

म्हणूनच स्वभाव कोणताही असो, चालेल अशी एक रीत रुग्णालयांनी उचलली. ती मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या रुग्णालयांत ती रुळली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबार म्हणतात. आत्ता काय झालंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं आणि तुम्ही काय करावं, या चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या.

आता सिस्टरचा तोच फोन ऐका. "सर, सात नंबरच्या आजोबांचं बीपी ९० वर आलंय, नाडी १२०. काल मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी बीपी १३० होतं. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही लगेच येऊन बघा."

यातलं तिसरं आणि चौथं वाक्य सिस्टरला सर्वांत जड जातं. "मला वाटतं" असं डॉक्टरांना म्हणायचं तिला कुणी शिकवलेलंच नसतं. रंगीत तालमीसारखा वॉर्डात सराव घेतला, समोर डॉक्टरच बसले आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तरच ते तोंडात बसतं.