‘आर्ट्स घे, पास तरी होशील’

दहावीला गुण कमी पडले की हा सल्ला हमखास मिळतो, यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात मिळतो तसा पुण्या-मुंबईतही. राज्य शिक्षण मंडळाचे आकडे मात्र उलटं सांगतात. 2025 च्या बारावीला विज्ञान शाखेचा निकाल 97.35 टक्के लागला, वाणिज्यचा 92.68 आणि कला शाखेचा 80.52. आदल्या वर्षीही कला शाखा या दोघींच्या मागेच होती, 85.88 टक्क्यांवर. यावरून पेपर अवघड असतो, असं लगेच म्हणू नये. सोपा म्हणून घेतलेल्या विषयाचं पुस्तक फेब्रुवारी उजाडेपर्यंत उघडलंच जात नाही, हे कारण जास्त पटतं.

इतिहासाबद्दलचा लाडका गैरसमज म्हणजे सनावळ्या घोकल्या की झालं. यवतमाळ जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल कायदा मोडला. 21 जुलैला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. एवढं पाठ असलं तर एका गुणाचा प्रश्न सुटेल. पण ‘कारणे लिहा’ म्हटलं की? मिठाचा कायदा मोडायचा, तर समुद्रापासून इतक्या दूर वऱ्हाडात मीठ बनवणार कुठे? मग लोकांना रोज जाचणारा कायदा शोधावा लागला. गवत, सरपण, गुरांची चराई या साऱ्यांवर वनकायद्याने बंधनं आणली होती, म्हणून इथल्या सविनय कायदेभंगाच्या हाती विळा आला. हे उमगलं की तारीख आपोआप लक्षात राहते. नुसत्या तारखेवरून कारण सुचणं कठीण.

पेपर सुटला की फाटकाबाहेर पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती पुरवण्या लावल्या?’ जणू तपासणारे पानं मोजून गुण देतात! इतिहासाचा किंवा राज्यशास्त्राचा लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या 80 मध्ये पर्यायी प्रश्न, संकल्पनाचित्र, टिपा, कारणं, स्वतःचं मत असं बरंच असतं. दीर्घोत्तरी प्रश्न त्यातला एक भाग. गुण मिळतात ते मुद्द्यांना, आणि दोन मुद्द्यांच्या टिपेवर दोन पानं खर्च करणाऱ्याचा शेवटचा प्रश्न लिहायचा राहून जातो. 2023 पासून प्रश्नपत्रिका वाचण्याची सुरुवातीची दहा मिनिटं गेली आणि शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळाली. अकराचा पेपर आता दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. ती दहा मिनिटं नवी पुरवणी मागण्यापेक्षा प्रश्नक्रमांक तपासण्यात घालवलेली बरी.

‘आर्ट्सनंतर पुढे काय?’ याला फार वेळ द्यायला नको. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे लिहून मांडता येणाऱ्यालाच भाव आहे.

खरा घोटाळा निकालानंतर होतो. गुणपडताळणी म्हणजे पेपर पुन्हा तपासणं, असं अनेक पालक धरून चालतात. तसं नाही. त्यात बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहिलं जातं. उत्तरांना नव्याने गुण हवे असतील तर पुनर्मूल्यांकन मागावं लागतं आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत हाती आली की विषयशिक्षकांना दाखवा आणि लगेच अर्ज करा. मुदत कामकाजाच्या पाच दिवसांचीच असते.