दोन जर्मनींची गोष्ट (लेखांक ९) : विद्यापीठाने पाडू दिलेलं चर्च

गेल्या आठवड्यात आपण ९ ऑक्टोबर १९८९ ची लाइपझिगमधली संध्याकाळ पाहिली. सुमारे ७०,००० माणसं पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि बंदुका चालल्या नाहीत. तो मोर्चा ज्या चौकातून पुढे सरकला, त्याचं नाव तेव्हा कार्ल मार्क्स चौक होतं आणि त्याच्या कडेला उभं होतं कार्ल मार्क्स विद्यापीठ. आता दरवर्षी ९ ऑक्टोबरला याच चौकात लोक मेणबत्त्या लावून ‘८९’ हा आकडा उजळतात. विद्यापीठाला मात्र त्या राजवटीच्या अंताची आठवण काढताना आणखी मागे, १९६८ पर्यंत जावं लागतं. तिथे दोष फक्त सरकारचा नाही.

विद्यापीठ १४०९ सालचं. डॉमिनिकन संन्याशांनी तेराव्या शतकात बांधलेलं सेंट पॉलचं चर्च धर्मसुधारणेनंतर विद्यापीठाकडे आलं आणि १५४५ मध्ये खुद्द मार्टिन ल्यूथरने प्रवचन देऊन ते विद्यापीठाचं चर्च म्हणून खुलं केलं. पुढे शतकानुशतकं समारंभ, संगीत, प्राध्यापकांचे अंत्यविधी, सगळं तिथेच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतूनही ते वाचलं. ३० मे १९६८ रोजी, ऐन शांततेच्या काळात, ते सुरुंग लावून पाडण्यात आलं. पूर्व जर्मनीचा सर्वेसर्वा वाल्टर उलब्रिख्त लाइपझिगचाच. त्याला नव्या समाजवादी चौकात चर्च नको होतं. नगरपरिषदेत ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं. विद्यापीठाच्या सिनेटनेही संमती दिली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जड वाटते ती ही संमती. विद्वानांनी माना डोलावल्या आणि निषेध करायला उभे राहिलेले विद्यार्थी पकडले गेले.

तीन आठवड्यांनी, २० जूनला, बाख संगीतस्पर्धेच्या समारंभात मंचाच्या वर एक फलक अचानक उलगडला. त्यावर चर्चचं रेखाचित्र होतं आणि ते पुन्हा बांधण्याची मागणी. गजराच्या घड्याळाची यंत्रणा वापरून तो उघडेल अशी सोय तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी केली होती. त्यांच्यापैकी हाराल्ड फ्रिट्श आणि श्टेफान वेल्स्क एका छोट्या होडीतून काळा समुद्र ओलांडून बल्गेरियातून तुर्कस्तानात निसटले. फ्रिट्श पुढे क्वार्कविषयीच्या सिद्धान्तासाठी जगभर नावाजले. मागे राहिलेल्या एका मित्राच्या वाट्याला तुरुंग आला.

पाडलेल्या जागी विद्यापीठाची नवी इमारत उठली. दर्शनी बाजूला, जवळपास जुन्या चर्चच्याच ठिकाणी, मार्क्सचं ३३ टनांचं कांस्यशिल्प बसवलं गेलं.

१९९१ मध्ये विद्यापीठाने मार्क्सचं नाव सोडलं. चर्चचं काय करायचं, हा प्रश्न मात्र पेटला. नोबेलविजेते गुंटर ब्लोबेल यांच्यासारखे लोक म्हणत होते, जसंच्या तसं बांधा. विद्यापीठातल्या अनेकांना आधुनिक सभागृह हवं होतं. सॅक्सनी राज्याचं सरकार पुनर्बांधणीकडे झुकलं तेव्हा, २००३ मध्ये, कुलगुरूंनी राजीनामा दिला. शेवटी डच वास्तुकार एरिक फान एगेरात यांनी मधली वाट काढली. जुन्या चर्चचा उतरता माथा आणि मोठी गोल खिडकी दुरून ओळखू येते, पण ही नक्कल नाही. आत सभागृह आणि उपासनेची जागा यांच्यामध्ये पारदर्शक भिंत आहे. या भिंतीवरून आणि जुनं प्रवचनपीठ परत लावायचं की नाही यावरूनही वर्षानुवर्षं वाद झाले. वास्तू खुली झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. तिच्या नावात सभागृह आणि विद्यापीठ-चर्च दोन्ही शब्द ठेवले आहेत.

मार्क्सचं शिल्प वितळवलं गेलं नाही. शहरातच, यानआले या रस्त्यावरच्या दुसऱ्या आवारात ते २००८ मध्ये उभं केलं आणि त्याच्याजवळ त्याची सगळी हकीकत सांगणारा फलक लावला. मला हे योग्य वाटतं. चर्च नाहीसं करणाऱ्यांनी जे केलं, तेच त्यांच्या खुणांबाबत करून आपण काय साधणार?

इमारतींचा वाद निदान डोळ्यांना दिसतो. माणसांचा हिशेब त्याहून अवघड होता. १९९० च्या डिसेंबरात सॅक्सनी सरकारने राजवटीशी जवळीक असलेले विभागच्या विभाग बरखास्त करायचं ठरवलं आणि विद्यार्थ्यांनी विरोध केला : चौकशी माणसागणिक करा, सरसकट कुलूप लावू नका. त्या प्राध्यापकांचं आणि विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.