गावचं नाटक, गावानं केलेलं

ओमाहातल्या बहुतेक मराठी घरांनी कॅस स्ट्रीटवरून जाता-येता ‘ओमाहा कम्युनिटी प्लेहाऊस’ची इमारत पाहिली असेल. आत पाऊल टाकलेली घरं मात्र थोडी. म्हणून या अंकात आपल्या या शेजाऱ्याची ओळख करून देत आहोत.

ही संस्था निघाली १९२४ साली, गावातल्या नाटकवेड्या मंडळींच्या हौसेतून. त्यांत डोरोथी ब्रँडो या गृहिणी होत्या. त्याच वर्षी ओमाहात जन्मलेला त्यांचा मुलगा मार्लन पुढे कोण झाला, हे सांगायला नको! १९२५ मध्ये डोरोथीबाईंनी एका मैत्रिणीच्या वीस वर्षांच्या लाजाळू मुलाला आग्रह करून नाटकात उभं केलं. तो हेन्री फोंडा. १९३० मध्ये त्याच्याबरोबर काम केलेली डोरोथी मॅकग्वायर ही शाळकरी मुलगीही पुढे हॉलिवूडला पोचली.

पण आम्हाला खरं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. १९५५ मध्ये नव्या इमारतीसाठी पैसे उभे करायचे होते. तेव्हा फोंडा आणि मॅकग्वायर दोघंही परत आले आणि त्यांनी मदतीचे प्रयोग केले. फोंडाची मुलगी जेन हिनंही त्यात काम केलं. १९५९ मध्ये इमारत उभी राहिली. मे १९७५ च्या चक्रीवादळात तिचं मोठं नुकसान झालं. ती दुरुस्त झाली, आणि १९७६ पासून ‘अ ख्रिसमस कॅरल’ हा गावाचा नाताळचा रिवाजच होऊन बसला.

आता कामाची पद्धत पाहा. दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ पगारी. नट मात्र हौशी. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. निवड-चाचणी सर्वांना खुली असते. शिवणकाम, रंगकाम, प्रेक्षकांना जागा दाखवणं, यासाठीही स्वयंसेवक येतात. म्हणूनच एखादा नट गाव सोडून गेला, तरी संस्था चालू राहते.

आपल्याकडे काय होतं? गणेशोत्सवाच्या नाटकात भूमिका हवी असणारे पुष्कळ. पडदा ओढायला, प्रॉम्प्टिंगला, खुर्च्या मांडायला तीच चार घरं. त्यांतल्या एकाची बदली झाली की त्या वर्षी नाटक बारगळतं. त्याबरोबर मुलांचं तालमीतलं मराठीही जातं. पाठ केलेलं वाक्य मूल घरीही बोलून जातं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नुकसान केवढं ते कळेल. आम्हा रसायनशास्त्रवाल्यांचा प्रयोग फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येतो. मुलांची ही वर्षं पुन्हा लावता येत नाहीत.

तेव्हा मंडळी, दोन विनंत्या. एक, प्लेहाऊसचं एखादं नाटक मुलांना घेऊन जरूर बघा. जमल्यास तिथे एखादी संध्याकाळ स्वयंसेवक म्हणून द्या आणि पडद्यामागचं काम शिकून घ्या. दुसरी, येत्या गणेशोत्सवासाठी कार्यकारिणीकडे नाव नोंदवा. अभिनय येत नसला तरी चालेल. हातोडी धरता येते, चहा करता येतो, गाडीतून सामान आणता येतं? मग तुम्ही आमच्या नाटकात आहात!