गर्भाबाबतचा निर्णय बाईचाच : संविधान आणि न्यायालये काय सांगतात?

बेडसे लेण्यात पाण्याच्या टाक्याजवळ एक ब्राह्मी लेख आहे. महारठिनी सामडिनिका हिने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळात एका बाईचे दान तिच्या नावाने कोरले गेले. आज मात्र गर्भपातासाठी गेलेल्या बाईला अनेक दवाखान्यांत नवऱ्याची सही मागतात. कायद्यात अशी अट नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. ठराव फेटाळला गेला, पण प्रश्न संपला नाही.

संविधानात ‘गर्भपात’ हा शब्द नाही. पण कलम २१ जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. मूल होऊ द्यायचे की नाही, हा निर्णय याच स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात सांगितले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भायखळा तुरुंगातील एका गर्भवती कैदी महिलेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न्या. ताहिलरमानी आणि न्या. भाटकर यांनी स्पष्ट केले, की बाईच्या शरीरावर तिचाच हक्क आहे. तुरुंगात गेल्याने तो संपत नाही.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू केली. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असेही बजावले.

कार्यकर्त्यांनी एवढे पाठ करावे :

– सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते.
– २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते.
– त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते. जिवाला तातडीचा धोका असल्यास आठवड्यांची मर्यादा नाही.
– स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

हा हक्क अमर्याद नाही. डॉक्टरचे मत आजही लागतेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या गर्भाबाबत परवानगी नाकारली. म्हणूनच वेळ महत्त्वाची. सहीसाठी परत पाठवलेल्या बाईचे आठवडे वाया जातात. अशा वेळी तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि नकार लेखी मागा.